जांभळा रंग उतरतो तेव्हा

हर्षलाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या बाजारात मेथी घेत होते. "ताई गेली," एवढंच बोलला. भाजीवाला जुडी पुढे करून उभा, आणि मी नुसती त्याच्याकडे बघतेय... महिना उलटला तरी तिच्यावर लिहायचं म्हटलं की रागच येतो. एवढ्या घाईनं जायचं होतं कुठे बाईला?

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, ती रसायनशास्त्र शिकवायची. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली पोरगी, आवाज असा खणखणीत की बाजूच्या वर्गातही तिचंच लेक्चर ऐकू यायचं. तिचं संशोधन म्हणजे शेवगा, गुळवेल, आवळा, जे मिळेल त्याचा अर्क काढायचा आणि एका जांभळ्या द्रावणात टाकायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीरात मोकाट सुटलेल्या रेणूंना आवरणारी द्रव्यं असली, की जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. दारातल्या शेवग्याच्या पाल्यानं तो झटक्यात गेला, त्या दिवशी तिनं घरी फोन करून ओरडून सांगितलं, "आये, आपल्या शेवग्यानं रंग उतरवला गं!"

झालं, त्या एका शब्दानं घोळ केला. आपल्याकडे ताप उतरतो, नशा उतरते, दृष्टसुद्धा उतरवतात. मासे विकून लेकीला शिकवणाऱ्या आयेनं मनाशी पक्कं धरलं, की रंग उतरतो तसा आजारही उतरणार. पुढे हर्षलालाच कॅन्सर निघाला आणि आये हटून बसली. "ता केमो नको. पाल्याचा रस पी. तूच बोललीस ना?" मी मनात म्हटलं, वाट लागली आता!

हर्षला भांडली नाही. आयेला रिक्षात घालून थेट लॅबमध्ये घेऊन आली. जांभळ्या द्रावणाच्या एका नळीत पाल्याचा अर्क टाकला, रंग उतरला. आयेनं टाळीच वाजवली. मग हर्षलानं माझ्या कपातला कोरा चहा दुसऱ्या नळीत टाकला. तीही पिवळी.

"चहानंही उतरतो, आये. मग टपरीवाला कधी आजारी पडलाच नसता. नळीतलं नळीत गं, शरीराचं तसं नसतं."

आये दोन्ही नळ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल, कवा जायाचा हास्पिटलात?"

सगळे उपचार झाले. आये शेवटपर्यंत उशाशी बसून होती. तरी हर्षला गेलीच...

परवा भेटायला गेले. आये ओट्यावर बोंबील साफ करत होती. हात थांबवून म्हणाली, "खरा सांग, बाय. पाला दिला असता तर वाचली असती?"

मी तिच्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "नाही, मावशी. तुम्ही केलंत तेच बरोबर होतं."

भिंतीवरच्या हर्षलाच्या फोटोकडे बघत तिनं पदरानं डोळे पुसले. "रोज इचारते तिला," ती म्हणाली. "आज उत्तर मिळाला."