कमरेवरचा विंचू

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. नवऱ्याने नाही, पोरांनी नाही. तुम्हाला सांगते — पण आधीच बजावते, गोंदणाबद्दल मी कान धरणार नाही. त्याची लाज मला तेव्हा नव्हती, आज पंचावन्न ओलांडली तरी नाही.

आमच्याकडे, पारोळ्याच्या बाजूला, मुलीचं गोंदण म्हणजे आईचा हुकूम. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस. अंग कुणाचं, हे कधी कुणी विचारलं? सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात, अकरावीची परीक्षा संपल्यावर, मी चुलत बहीण प्रमिलाबरोबर — पमीबरोबर — एसटीने अमळनेरच्या जत्रेला गेले. ताडपत्रीखाली एक बाई बॅटरीच्या मशीनने गोंदत होती. पुठ्ठ्यावर नमुने लावलेले. मोर, वेल, राम-सीता, विंचू. मी विंचवावर बोट ठेवलं आणि म्हटलं, पाठीवर, पार खाली, परकराची नाडी येते तिथे.

"आठे कोन देखी वं माय?" बाई हसली.

कुणीच नाही. मलासुद्धा दिसणार नव्हता. म्हणून तर हवा होता!

"नको करू वं, घर समजी जाई," पमी म्हणत राहिली. तरी ओढणी धरून आडोसा तिनेच केला आणि दुसरा हात माझ्या हातात दिला. मशीन हाडापाशी आलं तेव्हा माझी नखं तिच्या मनगटात रुतली. पुढे आठवडाभर मी पालथी झोपले आणि आईला पोट दुखतं म्हणून सांगितलं. ते खोटं मी धरतच नाही.

आता जे सांगायचं ते — थांबा, आधी पमीचं सांगते. तिला मास्तरीण व्हायचं होतं. बारावीनंतर धुळ्याला, देवपुरात राहून डी.एड. करायचं. तिचे वडील, आमचे आबा, कधी नव्हे ते हो म्हणाले होते. आमच्या घराण्यात बाहेर राहून शिकणारी ती पहिली मुलगी ठरणार होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी नवरदेवाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. मी पाटावर, अंगावर ओलं पातळ. वहिनी पाठीला हळद चोळत होती. पातळ सरकलं. वहिनी ओरडली. सगळ्या उठून बघायला आल्या. नवरदेवाची मोठी बहीण, अक्का, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हाई कोनी करं?"

मी. एवढंच म्हणायचं होतं. वर्षभर मनातल्या मनात मिरवत होते ना — माझं अंग, माझी मर्जी? पण मला ते लग्न हवं होतं. मुलगा आवडला होता, आणि तो हातचा जाईल अशी भीती वाटली.

"पमी माले बळंबळं लई गयी," मी म्हटलं. "मी नको नको म्हनत व्हतू."

आणि रडले. रडणं छान जमलं.

पमी हळदीची वाटी घेऊन शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वाटी पाटाजवळ ठेवली.

"पोर भोळी शे," अक्का म्हणाली आणि माझं लग्न पार पडलं. आबांच्या कानावर गोष्ट त्याच दिवशी गेली. "जी दुसरानी पोरले आसं शिकाडस, ती शाळामा काय शिकाडी?" एवढंच बोलले ते. देवपूरचा फॉर्म घरात आलाच नाही. दिवाळीनंतर पमीलाही उजवून टाकलं. बाहेरच्या ओट्यावर बसून ती गावातल्या पोरांना पाढे म्हणायला लावते, असं ऐकते.

वय लहान होतं, असं म्हणू नका. मी स्वतःला म्हणून पाहिलंय. विंचू निवडायला वय पुरलं, तर खरं बोलायलाही पुरलं असतं. उद्या पुन्हा सतरा वर्षांची झाले तर तोच विंचू तिथेच गोंदून घेईन, अगदी खुशाल. पण पमीचं काय?

ती त्या दिवशी गप्प का राहिली, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती बोलली असती तर — तर मी तिला सगळ्यांसमोर खोटी पाडली असती. तिथे पाटावर बसल्या बसल्याच मी त्यासाठीचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं.