मागून येणाऱ्याची भाकरी

आत्याबाई कधी टेबलाशी बसून जेवल्या नाहीत. ताटली घेऊन त्या थेट उंबऱ्यात जायच्या आणि रस्त्याकडे तोंड करून उकिडव्या बसायच्या. आमचं घर कराडजवळच्या मलकापूरला, अगदी रस्त्यालगत. समोरून रिक्षा, उसाच्या ट्रॉल्या, कॉलेजची पोरं सारखी चालू. येणारा-जाणारा वळून बघायचा. मला लाज वाटायची. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, आत बसा की. लोक बघत्यात." त्या घास गालात धरून म्हणाल्या, "बघू देत. मी बी त्यांस्नीच बघतीया."

त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेजवळ त्यांचं गाव. सगळी उमर मेंढरांमागे चालण्यात गेली. दिवाळी झाली की कळप घेऊन पाण्याच्या मुलखाकडे निघायचं आणि पाऊस तोंडावर आला की परत फिरायचं. रोज नवं रान, रोज नवा तळ, चुलीला रोज नवे तीन दगड. उंबऱ्यात बसण्याची सवय तिथलीच. तळावर जेवताना तोंड वाटेकडे ठेवायचं, कारण कुणीतरी एक माणूस नेहमी मागे असायचा. लंगडणारं मेंढरू किंवा वाटेतच जन्मलेलं कोकरू घेऊन तो सावकाश यायचा. तो दिसेपर्यंत घास नीट उतरत नाही, असं त्या म्हणायच्या.

चालणाऱ्या माणसाला स्वयंपाकाला सवड नसते. त्यामुळे त्यांच्या हातालाच एक वेग आलेला होता. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या की शेजारणीच्या कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत आमच्या घरात लसणाचा वास सुटायचा. त्यांच्या गाठोड्यात लुगडं एकच जास्तीचं, बाकी सगळ्या कापडी पिशव्या. एकीत भाजलेल्या हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पीठ, एकीत भाजलेल्या उडदाचं, एकीत शेंगदाण्याचं कूट, एकीत तिखट. हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून उकळत्या लसूण-मिरचीच्या पाण्यात सोडलं की माडगं तयार. उडदाच्या पिठात कांदा, तिखट, मीठ आणि पाणी घातलं की झालं डांगर, त्याला तर चूलही लागत नाही. कुटाचं कालवण भाकरी भाजेपर्यंत होऊन जायचं. मी म्हणायचे, "किती पटकन करता." त्या म्हणायच्या, "पटकन कुठलं? भाजायचं, दळायचं काम निवांत असताना करून ठिवलंय. भुक्या पोटानं केलेली घाई घाई असती, ही न्हवं."

या जेवणाला दुधातुपाचा थेंब लागत नसे. एवढी मेंढरं बाळगून दूध का नाही, असं आमच्या सुनेनं, कोमलनं, एकदा त्यांना विचारलं. "दूध कोकराचं," एवढंच त्या म्हणाल्या. कोमल म्हणाली, "आत्याआजी, आमच्या लॅबमध्ये एक मुलगी आहे, ती दूध, दही, तूप काहीच खात नाही. जनावरांचं म्हणून." आत्याबाई खूश झाल्या. "मग ती आमच्या तळावरचीच की. कवा आली तर माडगं खायाला घिऊन ये तिला."

त्या आमच्याकडे आल्या त्या माझ्या हातामुळे. अंगणातल्या नळापाशी पाय घसरून मी पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं. मुलगा फौजेत, लांब सीमेवर. घरात मी, हे आणि कोमल. कोमल रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, रोज सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. तोवर घरचा स्वयंपाक मीच करत होते, म्हणून तिच्या नोकरीचा कुणाला त्रास नव्हता. माझा हात गळ्यात आला आणि त्रास सुरू झाला.

आमचे हेही फौजेतूनच हवालदार म्हणून रिटायर झालेले. सकाळी वेळेवर ताट पाहिजे, आणि ताटात डाळ, भात, चपाती आणि दोन भाज्या. कोमल पहाटे उठून धडपडायची. कधी भात लागायचा, कधी एसटी चुकायची. आत्याबाई आल्यावर त्यांनी सकाळचं काम हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी माडगं केलं. यांनी वाटीत बघितलं आणि म्हणाले, "हे आजाऱ्याचं खाणं झालं, आत्या."

"ह्याच्यावरच वाढलास रं तू," आत्याबाई म्हणाल्या. "भरतीला गेलास तवा छाती मोजली, ती ह्याचीच हुती."

यांनी खाल्लं, पण मनातून गेलं नाही. आत्या पाहुणी बाई, चार दिवस आहे, पुढं काय, असं चाललं होतं. एका रात्री जेवताना ते कोमलला म्हणाले, "पहिल्या तारखेला सांगून टाक त्यांना. नोकरी फिकरी बास. घरात बाईमाणूस पडून असताना सून साताऱ्याला, हे बरं दिसत न्हाई." कोमल उठली. तिनं ताट उचललं, घासलं आणि दुसऱ्या दिवशीचा डबा पुसून ठेवला. ती तो डबा बराच वेळ पुसत होती.

मला बोलायचं होतं. पण मला लोकांसमोर बोलता येत नाही, आणि यांच्यासमोर तर नाहीच. सकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मला चौथीतनं काढलं ते भाकरीसाठीच." त्यांनी थापायचं थांबवलं नाही. मग मी पुढचंही सांगितलं. गुरुजी घरी आले होते, पोरगी हुशार आहे, पाचवीत घाला म्हणाले. वडील म्हणाले, "मग भाकऱ्या कोण बडवणार?" गुरुजी पाणी प्यायले आणि गेले. बस, एवढंच झालं होतं. आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि विचारलं, "शिवा दुपारचा कवा येतो घरात?"

"हे दुपारी जेवले की घरातच असतात," मी म्हटलं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल, देवळात जाऊन यिऊ." मी म्हटलं, रात्रीचं बघायला पाहिजे. "बघू की, आल्यावर." देवळात त्यांनी दर्शन घेतलं आणि कट्ट्यावर बसून राहिल्या. मी उठायला बघितलं की त्या मला काहीतरी विचारायच्या. माझ्या माहेरी खटावला पाऊस किती पडतो, तिकडं हुलगा चांगला येतो का. आम्ही परत आलो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. हे टीव्हीपुढे, स्वयंपाकघरात अंधार, कोमल अजून यायची होती. आत्याबाई नेहमीसारख्या उंबऱ्यात बसल्या आणि मला शेजारी बसवून घेतलं.

जरा वेळानं आतून आवाज आला, "आत्या, आज चूल थंड दिसतीया. उपास हाय का?"

"घरात आधी कोण पोचलं?" आत्याबाईंनी न वळता विचारलं.

"म्हंजे?"

"आमी आत्ता आलो. पोरगी यायची हाय. आधीपासनं कोण हुतं हितं?"

"मीच की. दुपारपासनं."

"मग चूल का पेटली न्हाई अजून?"

हे हसले. "आता बाप्या माणसानं चूल पेटवायची?"

"तुझा बा काय बाई हुता व्हय रं, शिवा? रान ठरवायला तो म्होरं जायचा. आमी मेंढरं घिऊन पोचायचो तवा कालवण रटरटत असायचं. आधी पोचंल त्यानं चूल पेटवायची आन् मागनं येणाऱ्याची भाकरी झाकून ठिवायची. तळावर हीच रीत. रीत इसरलास आन् पेन्शनीचा दिवस तेवढा ध्यानात ठिवलास."

टीव्ही बंद झाला. यांनी माझ्याकडे बघितलं, मी माझ्या प्लॅस्टरकडे. मला वाटलं, आता ओरडतील. ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी वाजली. मग आवाज आला, "हळद कुठाय?" मी उठायला लागले तशी आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला. "बस. शत्रू हुडकलाय त्यानं, हळद न्हाई व्हय गावायची."

हळद सापडली. कांदा चिरल्याचा आवाज यायला लागला, तो इतका भराभर की मी आणि आत्याबाई एकमेकींकडे बघत राहिलो. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाला सुरी धरता येते हे मला ठाऊक नव्हतं. मी आत जाऊन दाराशी उभी राहिले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "चौकीवर पाळी असायची. बर्फ पडला की खालनं काय यायचं न्हाई. डाळ, तांदूळ, कांदा, सगळं एकात." एवढं बोलून ते डाळ धुवायला लागले. एवढ्या वर्षांत चौकीबद्दल ते माझ्याशी एवढंच बोलले.

त्यांनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं होतं, सत्यनारायणाच्या प्रसादाचं. खिचडी त्यात काठोकाठ. चौकीवर जेवढी लागायची तेवढीच त्यांच्या हातांनी केली. आत्याबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "यव्वा. पल्टन कवा यायची हाय?" हेसुद्धा हसले. शेजारच्या घरांत डबे भरून दिले, तरी दुसऱ्या दिवशी आम्ही तीच खाल्ली.

कोमल आली तेव्हा यांनी तिचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. तिला वाटलं मी डाव्या हातानं केलं. कुणी केलं ते कळल्यावर ती ताटापुढे बसून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, पहिल्या तारखेला मी सरांना..."

"खिचडी गार हुतीया," हे म्हणाले. "जेव. आन् सकाळची एसटी चुकवू नको."

नोकरी सोडण्याची गोष्ट आमच्या घरात पुन्हा निघाली नाही. सकाळी कोमल आणि आत्याबाई मिळून जे पटकन होईल ते करायच्या, संध्याकाळी यांची चूल. रविवारी कोमल हुलगा, उडीद भाजून पिठं करून ठेवायला शिकली. यांना ताटात दोन भाज्या लागायच्या बंद झाल्या. स्वतः करायची वेळ आली की एक पुरते, हे आत्याबाई त्यांच्या तोंडावर म्हणायच्या.

माझं प्लॅस्टर निघालं तसं त्यांनी गाठोडं बांधलं. किती म्हटलं तरी राहिल्या नाहीत. "तळ हालवायची येळ झाली की हालवावा, मुक्कामाचं गवत संपायच्या आत," म्हणाल्या. त्यांना सोडायला मी कराडच्या स्टँडवर गेले. तिथं गाड्यांची गर्दी, पाट्या बदललेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकेक पाटी वाचत जतची गाडी शोधली आणि त्यांना खिडकीजवळ बसवलं. खिडकीतून माझा बरा झालेला हात धरून त्या म्हणाल्या, "बघ, तुज्या चौथीवर मी घरला चालले." गाडी निघून गेल्यावर मी बराच वेळ तिथंच उभी होते.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना मिरजेला आणलं. गावाकडची माणसं रात्री थांबायची, दिवसा आम्ही. एक दिवस हे जायचे, एक दिवस मी. मी भीतभीतच पहिल्यांदा एकटी मिरजेला गेले. स्टेशनाबाहेरच्या पाट्या वाचत दवाखाना गाठला. आत्याबाई खाटेवर लहान दिसत होत्या, पण तोंड दाराकडेच. मी पोचले की विचारायच्या, "मागं कोण हाय अजून?"

मी गेले त्या शेवटच्या दिवशी मला निघायला उशीर झाला. गावाकडचा माणूस आला नव्हता, त्यांना एकटं टाकून पाय निघेना. त्यांना ते कळत होतं. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. घरी जाऊन जेवेन म्हटलं.

"घरी आधी कोण पोचंल?"

"हे असतील. कोमल पण आली असंल आता."

"मग तूच मागची," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "जा. वाट बघत असतील."

माणूस आल्यावर मी निघाले. गाडी उशिरा आली. मलकापूरला पोचले तेव्हा गल्लीतली बरीच घरं जेवून झाली होती. मला वाटत होतं, आता जाऊन पीठ मळायचं. लहानपणापासून मीच चुलीशी आधी आणि ताटावर शेवटी. सगळ्यांचं वाढून झालं की उरेल ते घ्यायचं, त्याचं मला कधी काही वाटलंही नाही.

दार उघडंच होतं. हे उंबऱ्यात बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. मला बघून उठले आणि काही न बोलता आत गेले. ओट्यावर परात उपडी झाकलेली होती. खाली भाकरी, एका बाजूनं जाड, एका बाजूनं करपलेली, आणि वाटीत कुटाचं कालवण. कोमल म्हणाली, "आई, पप्पांनी थापलीय. मला हात लावू दिला नाही."

मी ताटली घेऊन उंबऱ्यात बसले. भाकरी कोमट होती. हे आत्याबाईंना सांगायचं ठरवलं. परवा माझी पाळी होती, तेव्हा सांगणार होते की तुमच्या शिवानं माझी भाकरी झाकून ठेवली होती, जाड झाली होती, पण मी सगळी खाल्ली.

माझी पाळी यायच्या आत त्या गेल्या.

आता हुलगा मी भाजते. त्यांच्या रिकाम्या पिशव्या त्या इथंच ठेवून गेल्या होत्या, त्या भरलेल्या असतात. भाजताना मनात येतं, त्या पुढं गेल्यात, म्हणजे आधी पोचल्यात. रीत त्यांचीच आहे. तीन दगड मांडून चूल पेटवली असेल, आमच्या सगळ्यांच्या भाकऱ्या झाकून ठेवल्या असतील, आणि वाटेकडे तोंड करून बसल्या असतील.