मेव्हण्याची लवंग

तंबाखूच्या त्या छोट्या कारखान्यात पारखी काकांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकतीस वर्षं ते एकच काम करत आले होते. पाइपात भरायची सुवासिक तंबाखू हुंगायची, ओढून बघायची आणि ती विकायला जाईल की नाही ते सांगायचं. सांगायचे तेही एका शब्दात. पास, नाहीतर मोडा. 'मोडा' म्हटलं की पेटी उघडून तंबाखू स्वस्तातल्या ढिगात जायची. दिलेला शब्द काकांनी कधी परत घेतला नव्हता, आणि ते सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

त्या दिवशी त्यांनी ताईंच्या पेटीला 'मोडा' म्हटलं.

ताई मिश्रण करणाऱ्या. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या मापाने पानं मिसळून झाल्यावर मालकांनी त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचं मिश्रण करू दिलं होतं. चाळीस किलोंची, स्क्रू आवळून दाबून ठेवलेली एक पेटी. काकांनी नमुन्याचे चार झुरके घेतले आणि पाइप खाली ठेवला.

"लवंग फार झाली."

"लवंग मी घातलीच नाही, काका."

"मग माझं नाक खोटं बोलतंय?"

त्या नाकाशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. मालक म्हणाले, "उद्या सकाळी आठला पेटी उघडू."

घरी जाताना काकांच्या मनात तेच घोळत होतं. ताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणजे आपलं नाकच गेलं. वय झालं की डोळे जातात, कान जातात, नाक तरी किती दिवस साथ देणार? जेवायला बसल्यावर ते प्रत्येक घास नाकाशी नेऊ लागले.

"हुंगताय काय?" काकू म्हणाल्या. "आत्ताच चुलीवरून उतरवलंय."

"अगं, मला लवंगेचा वास येतो. जिथे नाही तिथे येतो." मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

काकूंचा वाढता हात थांबला. "पाइप कुठला होता?"

"माझा. मातीचा सकाळी हातातून पडून फुटला."

चव घ्यायची ती मातीच्याच पाइपात, असा तिथला नियम. माती भट्टीत भाजली की मागचं सगळं विसरते. लाकूड विसरत नाही. त्यात ओढलेली तंबाखू त्याच्या अंगात मुरते आणि पुन्हा तापलं की वर येते. नव्या माणसांना हे काकाच शिकवायचे. पण आपल्या लाकडी पाइपात आपण साध्या, बिनवासाच्या पानाशिवाय काही ओढत नाही, एक दिवस चालून जाईल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

"रविवारी माझा भाऊ आला होता ना," काकू जरा हळूच म्हणाल्या. "तुम्ही घोरत होतात. त्याने तुमचा पाइप मागितला."

"आणि तू दिलास?"

"सख्ख्या भावाला नाही म्हणू? त्याची ती लवंगेची तंबाखू त्याच्या खिशात होतीच. एकामागून एक तीनदा भरला मेल्याने."

काका ठसका लागेपर्यंत हसले. नाक शाबूत होतं. मेव्हणा गावाला परत गेला तरी नाकाने त्याला बरोबर पकडलं होतं.

"हसताय काय? उद्या त्या बाईची पेटी मोडतील ना."

हसू तिथेच विरलं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"मालकांना बाजूला घेऊन सांगा," काकू म्हणाल्या.

"चारचौघांत बोललोय. परतही चारचौघांतच घ्यावं लागेल."

सकाळी ते साडेसातलाच पोचले, तर ताई आधीच पान्याने पेटीचे स्क्रू सैल करत बसलेल्या. दुसऱ्याने उघडलेली त्यांना बघवली नसती. मालक आणि तिघे कामगार बाजूला उभे होते.

"ताई, हात थांबवा," काका म्हणाले. "चूक माझी आहे. लाकडी पाइपात चव घेतली. त्यात माझ्या मेव्हण्याची लवंग होती, ती तुमच्या माथी मारली."

'चूक' हा शब्द काकांच्या तोंडून तिथे कुणी ऐकला नव्हता. ताईंनी पाना खाली ठेवला.

"मेव्हण्यांना एकदा घेऊन या," त्या म्हणाल्या. "त्यांनाच मोडा म्हणू."

मालकांसकट सगळे हसले.

मातीचा नवा पाइप भट्टीत पांढरा होईपर्यंत भाजला, निवू दिला. काकांनी तंबाखू तळव्यांत मोकळी केली, चिमटीचिमटीने भरली आणि झोपलेल्या पोराला हाक मारावी तशा मऊपणाने पहिला झुरका घेतला. आधी उन्हात वाळलेल्या पानाचा गोडवा आला. मागून मध आला. पाइप अर्ध्यावर आल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"संत्र्याची साल. भाजलेली."

"मंद आचेवर."

"जरा जास्तच आहे."

"शेवटपर्यंत ओढा, काका. मग बोला."

असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते थांबले. सुवासिक तंबाखू तळाशी गेली की बहुधा ओलसर आणि कडू होते. इथे सालीचा कडसरपणा मधाला धरून राहिला, शेवटच्या झुरक्यापर्यंत. काका उठून बाहेर गेले, मोकळ्या हवेत नाक धुऊन काढल्यासारखे उभे राहिले आणि परत आत आले. खोलीला कुणीतरी आवडतं माणूस नुकतंच उठून गेल्यासारखा वास होता.

"पास," ते म्हणाले.

"आणि साल?"

"आहे तेवढीच ठेवा. तुमचं बरोबर होतं."

ताईंनी पाना उचलला. काकांनी दुसरा शोधून आणला आणि पेटीच्या पलीकडच्या बाजूचे स्क्रू आवळायला बसले.