गळ्याकडे पाहणारी मामेबहीण

माझ्या मामेबहिणीइतकं निरखून लोकांच्या गळ्याकडे पाहणारं माणूस अख्ख्या रायपुरात दुसरं नसेल, आणि यात मी सराफांनाही धरतोय. वाचा-उपचार शिकायला कॉलेजात गेल्यापासून माणसं बोलतात कशी आणि गिळतात कशी, याखेरीज जगात पाहण्याजोगं काही आहे असं तिला वाटेनासंच झालं. पुरानी बस्तीतल्या एका लग्नात पंगतीला समोर बसलेल्या काकूंवर तिने अशी नजर लावली, की त्या बाईंनी पदर ओढून हार झाकून घेतला. "हार नहीं देख रही, काकू. आप पानी बहुत जल्दी निगलती हैं," हिने प्रेमाने सांगितलं. काकूंना पुढचं जेवण काही गेलं नाही. भनपुरीच्या एका ऑटोवाल्याला तर "भैया, इतना चिल्लाओगे तो गला जाएगा" असं बजावून तिने हळू आवाजात सवाऱ्या बोलवायला लावल्या. घसा वाचला, सवारी मात्र एकही मिळाली नाही. तिच्या पर्समध्ये आरसाही असतो, पण तो दुसऱ्यांना त्यांची जीभ दाखवायला.

आमच्याकडच्या पुष्कळ मुलांसारखं तिलाही मराठी समजतं सगळं, पण उत्तर हिंदीतच येतं. मामा तिला 'पोट्टी' म्हणून हाक मारत मराठीत बोलायचा, ही हिंदीत बोलायची, आणि दोघांचं झकास चालायचं. मामा उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे त्याने मामीच्या कानात सांगितलेली गोष्ट गल्लीला आधी कळायची.

गेल्या वर्षी मामाला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. मामेबहिणीने कॉलेज घरी आणलं आणि फर्मान काढलं, की पप्पांच्या वतीने कुणीही बोलायचं नाही. आजवर सगळ्यांची उत्तरं एकटीने देणारी मामी तोंडावर पदर धरून बसू लागली. त्या घरातलं ते दुसरं आजारपण. रोज संध्याकाळी ही चित्रं घेऊन समोर बसायची. "पप्पा, ये क्या है?" चित्रात साधा पेला असायचा. मामा घामाघूम व्हायचा आणि शेवटी मान फिरवायचा. महिने गेले. "भैया, मुझसे नहीं होगा. पप्पा ऐसे ही रह जाएँगे," असं ती मला म्हणाली, तेव्हा पहिल्यांदाच तिचं लक्ष माझ्या गळ्याकडे नव्हतं. मला भारी वाईट वाटलं.

एकदा असंच चित्रांचं चाललेलं असताना मामी तोंडावरचा पदर विसरली आणि स्वयंपाकघरातून तिने विचारलं, "अजी, चहात साखर टाकू काय?"

"टाक ना," मामा म्हणाला.

मामेबहिणीने हातातली चित्रं बाजूला ठेवली. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना ती पहिल्याच दिवशी विचारते, घरी कोणती भाषा बोलता. स्वतःच्या घरी हे विचारायचं कुणाला सुचतं?

दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब मराठीत सुरू झाल्या. "पप्पा, हा काय होऊन राहिली?" असलं ते मराठी. मामा वाकड्या तोंडाने पोटभर हसला. पेला आला, पाणी आलं, मग हळूहळू मामीचं नाव आलं. सगळे शब्द परतले नाहीत आणि गल्लीला ऐकू जाणारा तो आवाज तर आलाच नाही. मला त्याची अजून आठवण येते.

आता ती पुढच्या शिक्षणासाठी दक्षिणेत गेलीय. संध्याकाळी फोन करते आणि मामाशी तिच्या त्या मराठीतच बोलते. परवा मी तिथे होतो. मामाने फोन कानाला लावला, बराच वेळ शब्दांची शोधाशोध केली आणि विचारलं, "पोट्टी... जेवली... काय?"

फोनमधून तिचं रडणं मलाही ऐकू आलं. मामीने फोन घ्यायला हात पुढे केला, पण मामाने दिला नाही. तिचं रडू आवरून तिला बोलता येईपर्यंत तो तसाच थांबून राहिला.