थांबा म्हणायची सोय

मिरजेतल्या एका दवाखान्यात आठवडाभर पेशंटांवर खेकसणाऱ्या भार्गवीताई रविवारी कॉलेजची पोरं घेऊन जतकडच्या गावांत फुकट नाटक करायच्या. नाटक अर्धंच असायचं. पुढचं गावानं करायचं: बघणाऱ्याला पटलं नाही की त्यानं "थांबा" म्हणायचं आणि उठून स्वतःच ते पात्र व्हायचं.

त्या रविवारी नाटकात टँकरचं पाणी वाहणारी सून बाजेवर पसरलेल्या नवऱ्याला उलट बोलली, तसे बघणाऱ्यांतले भाऊसो मेंढके ताडकन उठले. "थांबा! बाईनं कसं वागावं, मी दावतो." सून झालेल्या पोरीची ओढणी मागून त्यांनी फेट्यावरनं पदर घेतला. ताईंना चेव आला. नवऱ्याच्या बाजेवर त्यांनी भाऊसोंच्याच बायकोला, हरणाबाईंना बसवलं.

हरणाबाईंनी पायावर पाय टाकला. पोरांनी नाटकासाठी आणलेला हंडा रिकामा होता, तो त्यांनी आधी भरून घ्यायला लावला. "अगं ए, आण हिकडं. आता च्या टाक. पाय चेप. अजून एक हंडा आण." गाव हसून लोळायचं तेवढं बाकी राहिलं. घामाघूम भाऊसो शेवटी ओरडले, "थांबा!"

"ते फक्त बघणाऱ्यांनी म्हणायचं," ताई म्हणाल्या.

"व्हय की," हरणाबाई बाजेवरनं न हलता म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं मी कवा म्हटलं? उचल हंडा."