मधल्या दिवशी पानिपत

लग्न होऊन मी गाझियाबादच्या घरी आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासऱ्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे सकाळी काय करतात?"

मी पुण्याची, हिंदू घरातली. ते नगरकडचे ख्रिस्ती, केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत आलेले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलेले. टेबलावर बायबल उघडं होतं. मी जरा चाचरतच म्हटलं, "आई देवापुढे दिवा लावते, स्तोत्र म्हणते."

"मग तुझं तू कर, आमचं आम्ही करतो," ते म्हणाले. "चहा मात्र सगळ्यांनी एकत्र प्यायचा."

आमच्या घरातला धर्माचा प्रश्न एवढ्यावर मिटला. मी खिडकीजवळच्या फळीवर दिवा लावायला लागले आणि सासरे, म्हणजे आमचे पप्पा, टेबलाशी प्रार्थना करायचे. प्रार्थना लांबलचक. तिच्यात घरातला प्रत्येक जण यायचा, वरच्या मजल्यावरच्या आंटींचे गुडघे यायचे, बिघडलेली लिफ्ट यायची. माझं प्रमोशन अडलं तेव्हा "प्रभू, हिच्या मॅनेजरला सुबुद्धी दे" असं ते रोज मोठ्याने म्हणत, आणि मी दिव्यापाशी हसू दाबत उभी राहायची.

माझी मुलगी वर्षाची झाली त्या सुमारास पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्याचं कळलं. पुढे सहा वर्षं डायलिसिस चाललं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. पप्पा त्याला ड्यूटी म्हणायचे आणि ऑफिसला निघावं तसे निघायचे. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, पिशवीत ब्लँकेट आणि मराठी गीतांचं पुस्तक. मशीन सुरू झालं की ते हळू आवाजात गायला लागायचे. शेजारच्या बेडवरच्या एका सरदारजींना त्यातलं अक्षर कळत नसे, पण पप्पा गप्प राहिले की तेच म्हणत, "भाईसाहब, आज रेडियो बंद है क्या?"

सुया टोचता याव्यात म्हणून त्यांच्या डाव्या हातातली एक नस ऑपरेशन करून धमनीला जोडली होती. तिथे कातडीखाली रक्त घरघरत वाहायचं. माझ्या मुलीने एकदा त्यांच्या हाताला कान लावला आणि जाहीर केलं, "आजोबांच्या हातात मांजर आहे!" पप्पांना ते इतकं आवडलं की डॉक्टर तपासायला आले की ते स्वतःच सांगत, "बिल्ली ठीक है, डॉक्टर साहब."

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. पाणी, चहा, आमटी सगळं धरून दिवसाला एक तांब्या, एवढंच त्यांना चालायचं. सासूबाई सकाळी मोजून भरून ठेवत. मे महिन्यातल्या एका दुपारी मी पाहिलं, पप्पा उघड्या फ्रिजसमोर उभे होते. हातात बाटली नव्हती, नुसते बघत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार धाडकन लावलं आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत त्यांनी आमच्यादेखत क्षमा मागितली, देवाची आणि फ्रिजचीही.

सासूबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायच्या. पस्तीस वर्षं त्यांनी दर वर्षी पानिपतची लढाई शिकवली, फळ्यावर नकाशे काढले, आणि पानिपत मात्र एकदाही पाहिलं नाही. शाळेची सहल कायम कुतुबमिनार नाहीतर चिडियाघर. लग्न झाल्या झाल्या पप्पांनी त्यांना शब्द दिला होता, पुढच्या रविवारी नेतो. पण रविवारी चर्च. शनिवारी ऑफिसचं काम. मग मुलाची परीक्षा, मग कुणाचं तरी आजारपण, मग स्वतःचं.

माघार घेतलेली थंडी, उन्हं चांगली पडलेली, अशा एका फेब्रुवारीतल्या सोमवारी ते ड्यूटीवरून परत आले आणि सोफ्यावर बसताबसता म्हणाले, "बाई, उद्या पानिपतला जायचं." घरात ते सासूबाईंना बाईच म्हणत.

माझा नवरा घाबरला. "पप्पा, पण डॉक्टरांना विचारलं का?"

"विचारलं. म्हणाले, पाणी जपून, आणि परवा वेळेवर हजर व्हा. उद्या मधला दिवस आहे. आजाराने मला सगळे मधले दिवस मोकळे करून दिलेत, त्यांचं काय करू? घरी बसून तुमची तोंडं बघू?"

मंगळवारी आम्ही दोघांनी रजा टाकली, मुलीची शाळा बुडवली आणि सकाळी सातला निघालो. गाडी मी चालवत होते. पप्पा पुढे बसले होते, मांडीवर तो तांब्या, झाकणाला रबर लावलेलं. दोन्ही बाजूंना मोहरी फुलली होती. पप्पा प्रत्येक शेत बघून "अरे वा!" म्हणत होते, जणू शेतकऱ्याने त्यांच्याचसाठी पेरलं होतं.

मुरथलला नाश्त्याला थांबलो. तिथले पराठे म्हणजे बटाटा, मीठ आणि वर लोण्याचा गोळा, पप्पांना मनाई असलेलं सगळं एका ताटात. त्यांच्यासाठी सासूबाईंनी डब्यात दुधीची भाजी आणली होती, क्षार निघून जावेत म्हणून दोनदा उकळून पाणी फेकून दिलेली. ऑर्डर मात्र पप्पांनी दिली. "एक आलू, एक गोभी, एक पनीर, और मक्खन अलग से भी." पराठे आले. पप्पांनी हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली. पीठ मळणाऱ्याचे आभार, तंदूरवाल्याचे आभार, म्हशीचे आभार. लोणी वितळून ताटभर पसरलं.

"आजोबा, आमेन म्हणा ना आता!" मुलगी ओरडली.

"आमेन," ते म्हणाले आणि मग फार साळसूदपणे सासूबाईंकडे वळले. "बाई, एक घास?"

सासूबाईंनी बराच विचार केला. "एक. कडेचा. आत बटाटा नसलेला."

तो कडेचा तुकडा पप्पा इतका वेळ चघळत राहिले की वेटर येऊन विचारायला लागला, "अंकलजी, पराठा कच्चा है क्या?" आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसंही उगाच हसायला लागली.

पानिपतच्या रणभूमीवर, काला अंब स्मारकापाशी पोचलो तेव्हा फारसं कुणी नव्हतं. बाग, मधे दगडी खांब, भोवती कठडा. एक हरियाणवी कुटुंब गवतावर संत्री सोलत बसलं होतं. सासूबाई गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि खांबासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या आणि शिकवायला लागल्या. हातवारे करून यमुना कुठे, दिल्लीची वाट कुठे, उपाशी सैन्य कुठून निघालं. मी त्यांना रोज भाजी निवडताना पाहिलं होतं, पेपर वाचताना पाहिलं होतं. वर्गात कधीच पाहिलं नव्हतं. संत्रीवाल्या कुटुंबातल्या आजीने विचारलं, "बहनजी, के बता रही सो?" तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे हिंदीत सांगायला सुरुवात केली. हळूहळू माळी आला, पहारेकरी आला, फोटो काढायला आलेलं एक जोडपं आलं.

पप्पा बाकावर काठी धरून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला. "बाई, एक प्रश्न."

"हात खाली. प्रश्न शेवटी."

पप्पांनी निमूटपणे हात खाली घेतला. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या लोकांना त्या दिवशी पाणी मिळालं असेल का?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "नदी होती. पण जाता येत नव्हतं."

पप्पांनी मान हलवली. मग उठले, कठड्यापाशी गेले आणि डोळे मिटून प्रार्थना केली. दोन्ही बाजूंनी मेलेल्यांसाठी, त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांसाठी, घोड्यांसाठीसुद्धा. त्यांच्या शेजारी उभी राहून मी आईसारखे हात जोडले. हरियाणवी आजीनेही डोक्यावर पदर घेतला. प्रार्थना या खेपेला छोटी होती.

परतीच्या वाटेवर ते झोपून गेले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर वजन केलं तर पाणी जेमतेम वाढलेलं. त्यांनी सगळ्या युनिटला पानिपत सांगितलं, आणि सासूबाईंचं भाषण तर असं सांगितलं की नर्स म्हणाली, "आंटी को यहाँ भी बुलाओ."

त्यानंतर आम्ही आणखी पाच-सहा मधले दिवस वसूल केले. मथुरा रोडवर रोपं आणायला गेलो, एकदा नुसतेच मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आलो. ऑक्टोबरात त्यांना इन्फेक्शन झालं. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होते. तिसऱ्या दिवशी बोलणं थांबलं, पण माझ्या नवऱ्याने गीत म्हटलं की बोटं ताल धरायची. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. सासूबाई हात धरून बसल्या होत्या. नसेवर बोट ठेवून त्या मला म्हणाल्या, "थांबलं गं," आणि मग आम्ही दोघी रडलो.

चर्चमधल्या स्मरणसभेत मी पराठ्याची गोष्ट सांगितली. सांगू की नको असं मला वाटत होतं. पण वेटरपर्यंत आले आणि पहिल्या बाकावरून सासूबाईच खळखळून हसल्या. मग सगळं चर्च हसलं, सरदारजी सगळ्यांत मोठ्याने.

या डिसेंबरात सासूबाई भाचीच्या लग्नाला नगरला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच एकट्या. आम्ही सोडायला येतो म्हटलं तर म्हणाल्या, "काही नको, मी काय लहान आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मागे गाडीचा खडखड आवाज आणि कुणाचं तरी मोठ्याने हसणं.

"मम्मी, झोप लागली का? जेवलात का?" मी विचारलं.

"अगं, झोपतेय कसली! समोरच्या बर्थवर एक फौजी आहे, त्याची आई आहे. तुझ्या सासऱ्यांचं सांगायला लागले ते खंडवा आलं तरी संपेना. आता म्हणतायत, फोटो दाखवा. बघ ना, त्यांचा तो पिवळा स्वेटर घातलेला फोटो तुझ्याकडे आहे, तो पाठव चटकन. रेंज जाईल."