भूत न दाखवणारे चाचा

गोंडपिपरीला बाबा खाटेला खिळले. आईच्या एकटीच्या मजुरीवर माझं कॉलेज सुटायच्या बेतात होतं. तेव्हा चंद्रपूरच्या फोटो स्टुडिओतल्या चाचांनी मला कामाला ठेवलं. ते लेन्स सदऱ्यानेच पुसायचे आणि बोलण्याआधी खाकरायचे.

एकदा भुताच्या सिनेमाचे, टॉकीजबाहेर लावायचे फोटो काढायचे होते. त्यात भुताला घाबरणारा माणूस मला व्हायचं होतं.

"चाचा, भूत कुठी आहे?"

"भूत नाई दाखवाचं. तुह्या तोंडावर दिसलं पाह्यजे."

मला जमेना. स्टुडिओतले सगळे हसले. चाचा खाकरले. "बाबू, समज, निकाल लागला अन् यादीत तुहा नंबरच नाई."

माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी फोटो काढला, माझ्याकडे पाहत राहिले.

"आता घरी जा. परीक्षा होईतोवर इथी पाय नको ठेवू. पगार चालू राहीन."

त्या वर्षी मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला.